किती खोल खणायचं?

१९९५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराच्या वायव्येला, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी पावसाने ठाण मांडलं होतं. एरवी हा भाग कोरडा. वारा भरपूर, पाऊस बेताचा. त्या महिन्यात मात्र माळावरून लोंढे वाहिले आणि 'रॉकी फ्लॅट्स' या अण्वस्त्र कारखान्याच्या आवारात मोजणी करणारी माणसं बुचकळ्यात पडली. प्लुटोनियम मातीला घट्ट धरून बसतं, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, असं सगळं शास्त्र सांगत होतं. इथे तर पावसाबरोबर ते जागचं हलल्याच्या खुणा मिळत होत्या. आवारातून निघणारे ओढे खालच्या वस्त्यांच्या दिशेने जातात आणि त्याच बाजूला असलेल्या स्टँडली लेकचं पाणी आसपासची गावं पितात.

कारखाना तेव्हा बंद पडलेला होता आणि त्याची साफसफाई कशी करायची यावर वाद चालू होते. प्लुटोनियम विरघळून वाहत असेल तर ते भूजलात उतरणार, म्हणजे विहिरी खणायच्या, पंप बसवायचे, पाणी शुद्ध करत राहायचं आणि तेही पिढ्यानपिढ्या. विरघळत नसेल आणि मातीच्या कणांवर बसून जात असेल, तर काम निराळं. माती धरून ठेवायची, धूप थांबवायची, गाळ खाली बसू द्यायचा. दोन्ही कामांच्या खर्चात काही अब्ज डॉलरचा फरक पडू शकत होता. चुकीच्या समजुतीवर काम सुरू झालं असतं, तर पैसा संपला असता आणि प्रदूषण जिथल्या तिथे राहिलं असतं.

लॉस अलामोस प्रयोगशाळेतले रसायनशास्त्रज्ञ आणि बाहेरचे अभ्यासक यांना बोलावून सरकारने या प्रश्नाचा स्वतंत्र अभ्यास करवला. मातीचे नमुने स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनमध्ये क्ष-किरणांखाली तपासले गेले. त्यात दिसलं ते प्लुटोनियम डायऑक्साइड, म्हणजे अत्यंत अविद्राव्य रूप. ते हलत होतं हे खरं, पण विरघळून नव्हे. मातीच्या आणि चिकणमातीच्या सूक्ष्म कणांबरोबर, पावसाच्या आणि वाऱ्याच्या जोरावर. माळावर पाऊस पडला तर काय होईल, ओढ्यांवरचे बंधारे किती गाळ अडवतील, पृष्ठभागावरची माती किती साफ असायला हवी, हे प्रश्न आता पुढे आले आणि भूजलातल्या विरघळलेल्या प्लुटोनियमची भीती मागे पडली. सरकारी शुद्धीकरण प्रकल्पात वैज्ञानिकाचं काम नेमकं काय, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण. फावडं कुठे मारायचं, हे फावडं उचलण्याआधी ठरतं.

प्रश्न उभा राहिला कसा, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने १९५१ मध्ये डेन्व्हरपासून पंचवीसएक किलोमीटरवर ही जागा निवडली आणि १९५२ पासून इथे अण्वस्त्रांचे प्लुटोनियमचे गाभे तयार होऊ लागले. चार दशकांत असे सत्तर हजारांच्या आसपास गाभे इथून बाहेर पडले. प्लुटोनियम हा धातू लेथवर कातता येतो, पण त्याचा कीस हवेत आपोआप पेट घेतो. ११ सप्टेंबर १९५७ रोजी ७७१ क्रमांकाच्या इमारतीत असाच भडका उडाला आणि धूर गाळणारी गाळणीच जळाली. ११ मे १९६९ रोजी ७७६-७७७ या जोडइमारतीत त्याहून मोठी आग लागली. आग लागल्याचं बाहेर कळलं. किती प्लुटोनियम बाहेर गेलं, ते मात्र कळलं नाही.

तेव्हा एड मार्टेल हे वातावरणशास्त्रज्ञ पुढे आले. जवळच्याच बोल्डरमधल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात ते काम करत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कुंपणाबाहेरची माती उचलली, तपासली, आणि तिच्यात कारखान्याचं प्लुटोनियम असल्याचं दाखवून दिलं. गंमत अशी की ते मुख्यतः आगीतून आलेलं नव्हतं. त्यातलं बरंचसं आलं होतं ९०३ क्रमांकाच्या एका उघड्या पटांगणावरून. यंत्रावर वापरलेलं तेल आणि कार्बन टेट्राक्लोराइड, प्लुटोनियमच्या किसासकट, पिंपांत भरून १९५८ पासून तिथे नुसतं उभं करून ठेवलं होतं. पाच हजारांहून जास्त पिंपं. लोखंड गंजलं, तेल झिरपलं, माती वाळली आणि वारा ती पूर्वेकडे, म्हणजे वस्तीकडे घेऊन गेला. १९६९ मध्ये त्या पटांगणावर डांबर ओतण्यात आलं. पसरायचं ते तोवर पसरलं होतं. पुढची सगळी कहाणी या एका निष्काळजीपणाची किंमत मोजण्याची आहे, असं म्हटलं तरी चालेल.

६ जून १९८९ रोजी एफबीआयचे आणि पर्यावरण संरक्षण संस्थेचे अधिकारी शोध वॉरंट घेऊन या कारखान्यात शिरले. एका सरकारी खात्याच्या कारखान्यावर दुसऱ्या सरकारी खात्याने टाकलेला तो छापा होता. कारखाना चालवणाऱ्या रॉकवेल कंपनीने १९९२ मध्ये पर्यावरणविषयक गुन्ह्यांची कबुली दिली आणि १ कोटी ८५ लाख डॉलर दंड भरला. दरम्यान शीतयुद्ध संपलं होतं. गाभ्यांची गरज उरली नाही आणि टनावारी प्लुटोनियम, दूषित यंत्रं आणि आठशेहून अधिक बांधकामं जागच्या जागी थिजली. काही टाक्यांमध्ये प्लुटोनियमची आम्लद्रावणं तशीच पडून होती. ७७१ क्रमांकाच्या इमारतीत अशा काही खोल्या होत्या की तिथे मोजमापाच्या यंत्राचा काटा पट्टीच्या पलीकडे जाई. कामगार त्यांना 'इन्फिनिटी रूम' म्हणत आणि दार बंद करून ठेवत.

१९९५ मध्ये, कारखाना ज्याच्या ताब्यात होता त्या ऊर्जा खात्याने हिशेब मांडला: हे सगळं साफ करायला ६५ वर्षं आणि सुमारे ३७ अब्ज डॉलर लागतील.

प्रत्यक्षात ऑक्टोबर २००५ मध्ये काम पुरं झाल्याचं जाहीर झालं. दहा वर्षं आणि सुमारे ७ अब्ज डॉलर. अमेरिकेतल्या अणुशुद्धीकरणाच्या इतिहासात एवढा फरक क्वचितच कुठे दिसतो. म्हणून व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत या प्रकल्पाचं नाव घेतलं जातं आणि बहुतेक वेळा श्रेय एका कंत्राटाला दिलं जातं. कंत्राटाचा वाटा मोठा होताच. पण तेवढ्यावर थांबलं तर या कामातलं सगळ्यात मोलाचं निसटतं.

आधी कंत्राटच पाहू. २००० च्या सुरुवातीला ऊर्जा खात्याने कायझर-हिल या कंपनीशी नवा करार केला. लक्ष्य खर्च सुमारे चार अब्ज डॉलर, मुदत डिसेंबर २००६. त्याहून कमी खर्चात काम झालं तर वाचलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट कंपनीला. जास्त झाला तर त्याच हिशेबाने तिच्या मोबदल्यातून कपात. कंपनी मुदतीच्या चौदा महिने आधी बाहेर पडली आणि तिला ५१ कोटी डॉलर मोबदला मिळाला. हा भाग सगळे सांगतात.

त्याच करारातला दुसरा भाग कमी सांगितला जातो. त्यात सरकारने स्वतःवरही जबाबदाऱ्यांची यादी घेतली होती. कचरा नेण्यासाठी मान्यताप्राप्त पेट्या कोण देणार? सरकार. प्लुटोनियम कोणत्या राज्यातल्या कोणत्या केंद्रात उतरवायचं, ती जागा तयार कोण ठेवणार? सरकार. ती वेळेवर मिळाली नाही तर उशिराचं खापर कंत्राटदारावर फोडता येणार नव्हतं. शुद्धीकरण प्रकल्पावर नेमलेला सरकारी अभियंता स्वतः माती उकरत नाही. कामाची व्याप्ती लिहिणं, नमुने तपासून सही करणं किंवा सही नाकारणं, नियामकाशी रोज बोलणं आणि दुसऱ्या खात्यांच्या मागे लागून कचऱ्याला वाट करून देणं, हे त्याचं काम. रॉकी फ्लॅट्सवर ते आधी जेसी रॉबर्सन यांनी, आणि शेवटच्या टप्प्यात फ्रेझर लॉकहार्ट यांनी सांभाळलं. त्यांच्या समोर बसलेले नियामक दोन: केंद्राची पर्यावरण संरक्षण संस्था आणि कोलोरॅडो राज्याचं आरोग्य व पर्यावरण खातं. १९९६ च्या जुलैमध्ये या तिघांनी शुद्धीकरणाचा करार केला. आवाराचा कोणता भाग कोणाच्या अखत्यारीत, मतभेद झाला तर तो किती दिवसांत कोणाकडे जाईल, हे त्यात लिहिलेलं होतं. आपल्याकडे दोन खात्यांच्या पत्रव्यवहारात वर्षं जातात, ती कशी वाचवता येतात हे ज्याला पाहायचं असेल त्याने हा करार वाचावा.

आता कामाच्या जागेवर जाऊ. प्लुटोनियम हाताळायचं ते ग्लोव्हबॉक्समध्ये. म्हणजे पोलादाची, काच आणि शिसं बसवलेली बंद पेटी. तिच्या भिंतीतून आत लोंबणारे जाड रबरी हातमोजे. कामगार बाहेर उभा राहून हात त्या मोज्यांत घालतो आणि आतलं काम करतो. रॉकी फ्लॅट्सवर अशा पेट्या चौदाशेहून अधिक होत्या. काही टेबलाएवढ्या, काही खोलीएवढ्या, एकमेकींना जोडून लांबलचक रांगा केलेल्या. आतून सगळ्या दूषित.

सुरुवातीला त्या कापून काढत. पेटीभोवती प्लॅस्टिकचा तंबू उभारायचा. आत माणसं जायची ती नळीतून हवा पुरवणारा अंगभर पोशाख घालून. करवत, कात्री, प्लाझ्मा कटर यांनी पोलादाचे तुकडे करायचे आणि ते लहान पिंपांत भरायचे. धारदार कडेला पोशाख फाटला की प्लुटोनियम थेट जखमेत. उकाडा असा की माणूस फार वेळ आत राहू शकत नसे. शिवाय या तुकड्यांत प्लुटोनियमचं प्रमाण जास्त, म्हणून ते न्यू मेक्सिकोतल्या खोल भूमिगत कोठारातच जाऊ शकत. तिथे जाणारं प्रत्येक पिंप तपासायचं, क्ष-किरण काढायचे, कागद करायचे. काम मुंगीच्या गतीने चाले.

वाट मिळाली ती रसायनशास्त्रातून. सेरियम नायट्रेटचं द्रावण पेटीच्या आतल्या पोलादावर फवारायचं. ते धातूचा अगदी वरचा थर खातं आणि त्या थरात रुतलेलं प्लुटोनियम सुटतं. ते पुसून घ्यायचं, पुन्हा मोजायचं, लागलं तर पुन्हा फवारायचं. पुसलेली फडकी आणि द्रावण हा खोल कोठाराचा कचरा झाला, पण तो थोडका. उरलेली अख्खी पेटी आता कमी किरणोत्सारी कचऱ्यात मोडू लागली. तिला कापायचीच गरज राहिली नाही. आतला पृष्ठभाग पक्का करायचा, उचलून मोठ्या मालवाहू पेटाऱ्यात ठेवायची आणि रवाना करायची. माणूस आणि करवत यांची गाठ कमीत कमी पडू लागली. वेळ वाचला, पैसा वाचला आणि कामगारांची शरीरं वाचली. ही तिन्ही एकदम वाचतात तेव्हा अभियांत्रिकी खऱ्या अर्थाने कामाला आलेली असते.

हे काम करणारे बहुतेक जण पोलाद कामगार संघटनेचे सदस्य होते आणि त्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं याच इमारतींत गाभे घडवत आलेले. पाइप कुठून जातो, कोणत्या टाकीच्या बुडाशी काय साचलेलं असतं, हे नकाशापेक्षा त्यांना जास्त माहीत. प्रत्येक भिंत पाडताना ते आपली नोकरी संपवत होते. सगळं सुरळीत झालं असंही नाही. मे २००३ मध्ये ३७१ क्रमांकाच्या इमारतीत एका ग्लोव्हबॉक्समध्ये आग लागली. वेगावर बक्षीस ठेवलं की घाई येते, आणि घाईला लगाम घालायला सरकारी देखरेख जागी असावी लागते. कंत्राटाचं कौतुक करणाऱ्यांनी हे वाक्य गाळू नये.

एवढं झालं तरी मूळ प्रश्न शिल्लक होता. इमारती पाडल्या, पण मातीचं काय? प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४ हजार वर्षांहून जास्त. सगळा माळ खणून काढता येत नाही, आणि काढला तरी तो ठेवायचा कुठे? म्हणजे एक आकडा ठरवावा लागतो. एक ग्रॅम मातीत इतकं असेल तर उचला, त्याखाली असेल तर राहू द्या.

१९९६ मध्ये सरकारी यंत्रणांनी आकडा काढला ६५१ पिकोक्युरी. सोप्या भाषेत, एका ग्रॅम मातीत मिनिटाला साधारण १,४४५ अणूंचं विघटन. अणुचाचण्यांच्या धुळीमुळे कोलोरॅडोच्या मातीत सगळीकडे थोडं प्लुटोनियम आहेच, ते ०.०४ पिकोक्युरीच्या आसपास. शेजारच्या गावांनी ६५१ हा आकडा ऐकला आणि रान उठवलं. ऊर्जा खातं यावर अडून बसू शकलं असतं. खात्याने तसं केलं नाही. आकडा पुन्हा तपासण्यासाठी नागरिकांची देखरेख समिती बसली. तिला पैसे सरकारने दिले, पण तज्ज्ञ कोण हे समितीने निवडलं. त्या तज्ज्ञ संस्थेने एक शेतकरी कुटुंब याच जमिनीवर घर करून राहतंय असं धरलं. गवताला वणवा लागला, जमीन उघडी पडली आणि वारा सुटला तर त्यांच्या फुप्फुसात किती जाईल, याचा हिशेब केला. २००० मध्ये तिचं उत्तर आलं: ३५.

त्यानंतर तीन वर्षं वाटाघाटी चालल्या. २००१ मध्ये अमेरिकी संसदेने ही जागा वन्यजीव अभयारण्य होईल असा कायदा केला होता, म्हणून नियामकांनी हिशेब अभयारण्यात काम करणारा कर्मचारी गृहीत धरून मांडला. २००३ मध्ये आकडा ठरला तो ५० पिकोक्युरी, म्हणजे मिनिटाला सुमारे १११ विघटनं. पण फक्त वरच्या तीन फुटांसाठी. तीन ते सहा फुटांदरम्यान मर्यादा १,००० वर गेली, आणि त्याखाली प्रत्येक जागेचा धोका वेगळा तपासायचा असं ठरलं. खोलवरचे काही पाया, भिंती, पाइप तसेच जमिनीत राहिले.

हा सौदा उघड होता. पैशाची मर्यादा ठरलेली होती. खोल खणायचं की वरची माती जास्त स्वच्छ करायची, यातलं एक निवडायचं होतं. इथे मे १९९५ च्या पावसापासून सुरू झालेला अभ्यास कामी आला. प्लुटोनियम खाली झिरपून भूजलातून पसरत नसेल, वाऱ्याने आणि वाहत्या पाण्याने पसरत असेल, तर धोका वरच्या मातीत आहे. मग पैसा तिथे घालणं शहाणपणाचं. बऱ्याच स्थानिक प्रतिनिधींनी हे मान्य केलं. सगळ्यांनी नाही. चोवीस हजार वर्षांत उंदीर, खारी, धूप आणि माणसाची विस्मृती मिळून तीन फुटांची मर्यादा कितीदा मोडतील, असं विचारणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांचा प्रश्न फेटाळता येत नाही. पण ज्या प्रकल्पात हा प्रश्न टेबलावर येतो, नोंदवला जातो आणि त्याला आकड्यांत उत्तर द्यावं लागतं, तो प्रकल्प आणि ज्यात हे काहीच होत नाही तो प्रकल्प, यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

९०३ च्या पटांगणाची माती तंबूसारख्या छपराखाली उकरली गेली, म्हणजे वाऱ्याला पुन्हा संधी मिळू नये. एकूण सहा लाख घनमीटरहून जास्त किरणोत्सारी कचरा आवाराबाहेर गेला. आणि 'बाहेर' म्हणजे कोणाच्या तरी दारात.

न्यू मेक्सिकोतलं कार्ल्सबॅडजवळचं भूमिगत कोठार मिठाच्या थरात सुमारे ६५५ मीटर खोल आहे. ते १९९९ मध्ये उघडलं नसतं तर रॉकी फ्लॅट्सचं घड्याळ तिथेच थांबलं असतं. कमी किरणोत्सारी माल नेवाडा आणि यूटा राज्यांत गेला. शस्त्रांसाठीचं प्लुटोनियम साउथ कॅरोलायनातल्या सॅव्हाना रिव्हर केंद्रात न्यायचं ठरलं, तेव्हा तिथले गव्हर्नर जिम हॉजेस यांनी विरोध केला. आलेलं प्लुटोनियम पुढे कधी हलवणार याची कायदेशीर हमी द्या, नाहीतर ट्रकांपुढे आडवा पडेन, असं त्यांनी सांगितलं. जून २००२ मध्ये त्यांनी आणीबाणी जाहीर करून राज्य पोलिसांना ट्रक अडवण्याचा हुकूम दिला. संघराज्याच्या न्यायालयाने तो रोखला आणि ट्रक गेले. हॉजेस यांचा प्रश्न मात्र रास्त होता. कोलोरॅडोची जमीन मोकळी होते तेव्हा साउथ कॅरोलायनावर ओझं चढतं, आणि ते किती काळ हे आधी लिहून देणं सरकारचं कर्तव्य ठरतं.

इथे मराठी वाचकाला नागपूर आठवायला हवं.

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला. कारखाना बंद झाला, आणि आतली कीटकनाशकं, अर्धवट रसायनं, रासायनिक संयंत्रांतला गाळ तिथेच राहिला. २००४ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. २००५ मध्ये आवारातला विखुरलेला विषारी माल गोळा करून गोदामात ठेवला गेला. तो जाळायचा कुठे? गुजरातमधलं अंकलेश्वर ठरलं. गुजरातने नकार दिला. २०११ मध्ये नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचं नाव पुढे आलं. विदर्भात विरोध झाला, महाराष्ट्र सरकारने हात वर केले, प्रकरण न्यायालयात गेलं आणि तोही बेत बारगळला. २०१२ मध्ये एका जर्मन सरकारी संस्थेमार्फत माल विमानाने जर्मनीला नेऊन जाळायचं ठरलं, केंद्राच्या मंत्रिगटाने २५ कोटी रुपये मंजूर केले, आणि त्याच वर्षी ती संस्थाही मागे हटली.

नागपूरकर चुकले होते का? नाही. त्यांच्यासमोर कोणी काय मांडलं होतं? भट्टीत काय जाणार, धुराड्यातून डायॉक्सिन किती निघणार, ते कोण मोजणार, मोजलेलं कोणाला दाखवणार, राख कुठे पुरणार, हे लोकांसमोर आधी आलं नाही. मग लोक त्यांच्या हातात असलेलं एकमेव उत्तर देतात.

अखेर ३ डिसेंबर २०२४ रोजी, दुर्घटनेला चाळीस वर्षं पुरी होताना, उच्च न्यायालयाने माल हलवायला चार आठवड्यांची मुदत घातली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर भोपाळहून निघाले आणि सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपूरच्या भट्टीपाशी पोहोचले. ३३७ टन माल होता: १६२ टन आवारातली दूषित माती, ९२ टन सेव्हिन आणि नॅफ्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार कीटकनाशक, २९ टन संयंत्रातला गाळ. ३ जानेवारीला पीथमपूर बंद होतं. दोन जणांनी स्वतःला पेटवून घेतलं आणि ते भाजले. त्यानंतर राज्य सरकारने न्यायालयाकडून वेळ मागून घेतला, लोकांशी बोलणी सुरू केली, आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या. तिन्हींत भट्टीचा वेग वेगळा ठेवला: तासाला १३५, १८० आणि २७० किलो. उत्सर्जन मर्यादेत असल्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितल्यावर उरलेला माल २७० च्या वेगाने जूनअखेर जाळून संपवला. भट्टीत माल टाकताना चुना मिसळावा लागत असल्याने राख आणि अवशेष मूळ मालापेक्षा वजनाने जास्त भरले.

चाचण्या आणि बोलणी हे सगळं ट्रक निघण्याआधी करता आलं असतं. पीथमपूरच्या त्याच भट्टीत ऑगस्ट २०१५ मध्ये या मालापैकी दहा टन चाचणी म्हणून जाळून झाले होते. म्हणजे हाती नऊ वर्षं होती.

आणि भोपाळची जमीन? नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेबरोबर या आवाराचा अभ्यास करून २०१० मध्ये अहवाल दिला. त्यात दूषित मातीचा अंदाज होता ११ लाख टन. पीथमपूरला गेलेले ३३७ टन त्यापुढे ठेवून पाहावेत: दर ३,२६४ टनांमागे एक टन. वर्तमानपत्रांत 'भोपाळचा कचरा संपला' असे मथळे आले, तेव्हा आवाराबाहेरच्या, कारखान्याच्या सांडपाण्याच्या बाष्पीभवन तळ्यांच्या कडेला राहणाऱ्यांच्या पायाखालची माती होती तशीच होती. त्या वस्त्यांना नळाचं पाणी देण्यासाठीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, कारण तिथल्या हातपंपांचं पाणी पिण्याजोगं राहिलेलं नव्हतं.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नवे नियम अधिसूचित केले. संशयित जागा कळवायची, प्राथमिक तपासणी, मग सविस्तर तपासणी, जबाबदार कोण ते ठरवायचं, शुद्धीकरणाचा आराखडा करायचा, असा क्रम आणि मुदती त्यात आहेत. देशात अशा शंभराहून अधिक जागा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत आहेत आणि प्रत्यक्ष काम सुरू झालेल्या अगदी मोजक्या. शहरांचे कचराडेपो या नियमांत येत नाहीत. किरणोत्सारी कचरा आणि खाणीही नाहीत. तरीही नियम आले हे फार चांगलं झालं. आजवर प्रत्येक जागेसाठी कोणीतरी न्यायालयात जात होतं आणि न्यायाधीशांना अभियंत्याचं काम करावं लागत होतं.

रॉकी फ्लॅट्सचं पुढे काय झालं, हे नियम राबवणाऱ्यांनी मुद्दाम पाहावं. २००५ नंतर मधला सुमारे १,३०० एकरांचा भाग ऊर्जा खात्याने स्वतःकडे ठेवला. तिथे जुनी कचराभूमी आहे, भूजल शुद्ध करणाऱ्या यंत्रणा आहेत, ओढ्यांवर नमुने घेणारी उपकरणं आहेत. भोवतालचं अभयारण्य सप्टेंबर २०१८ मध्ये लोकांना खुलं झालं. त्या सुमारास आसपासच्या अनेक शाळा-मंडळांनी मुलांच्या सहली तिथे नेणार नाही असं जाहीर केलं. २०१६ मध्ये जमीनमालकांचा जुना दावा ३७.५ कोटी डॉलरवर मिटला. २०१९ मध्ये अभयारण्याच्या पूर्व कडेने महामार्ग करायचा म्हणून मातीचे नमुने घेतले, तर एका नमुन्यात २६४ पिकोक्युरी निघाले. त्याच जागेचा दुसरा भाग तपासला तर खूपच कमी. मातीत विखुरलेल्या कणांचं हे असंच असतं. एक कण नमुन्यात आला की आकडा उसळतो. नियामकांनी सांगितलं की सरासरी मर्यादेत आहे. ब्रूमफील्ड शहराने तरीही २०२० मध्ये महामार्गाच्या योजनेतून अंग काढून घेतलं.

यातून एक मात्र दिसतं: २६४ हा आकडा लोकांना कळला, आणि तो ५० शी ताडून पाहता आला. मोजणारे होते, मोजलेलं जाहीर करणं बंधनकारक होतं, आणि दर पाच वर्षांनी सगळा आढावा पुन्हा घ्यायचा असं कायद्यातच आहे. अभियंत्याचं काम २००५ मध्ये संपलेलं नाही; ते त्याच खात्याच्या दुसऱ्या कार्यालयातल्या अभियंत्याकडे गेलं.

भोपाळच्या ११ लाख टन मातीसाठी शेजारच्या वस्त्यांना टेबलाशी बसवून, त्यांच्या निवडीच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतलेला असा आकडा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाकडून स्वतंत्र तपासणी व्हावी, ही पीडितांच्या संघटनांची मागणी जुनी आहे. एका किलो मातीत पारा किती चालेल, क्लोरिनयुक्त बेंझिनं किती चालतील, किती खोलीपर्यंत, आणि ती जागा पुढे बाग होणार, स्मारक होणार की वस्ती, यावर सगळा खर्च अवलंबून आहे. भूजल कोणत्या दिशेने वाहतं आणि त्यातलं काय मातीला धरून बसलेलं आहे, काय पाण्याबरोबर चाललेलं आहे, हेही आधी नव्याने मोजावं लागेल. २०१० च्या अहवालानंतर पुष्कळ पावसाळे गेले आहेत. नव्या नियमांखाली या जागेवर जो अधिकारी नेमला जाईल, त्याने पहिल्या महिन्यात निविदा काढू नये. पहिल्या महिन्यात त्याने हातपंपांच्या कडेला विहिरी घेऊन नमुने काढावेत आणि निकाल वस्तीतल्या शाळेच्या फळ्यावर लावावेत.